भंडारदऱ्याला जायचं तर पलीकडच्या काठाला राहा

पुण्यातल्या नवरा-बायकोने दोघांनीच शनिवार-रविवार कुठे जायचं म्हटलं, की पवना, मुळशी, पानशेत ही नावं आपोआप तोंडात येतात. जवळ आहेत, सकाळी निघून जेवणाच्या वेळेला पोचता येतं. पण या काठांवर सुट्टीच्या दिवशी निवांत बसायला जागा मिळत नाही. एकीकडे फार्महाऊसची कुंपणं, दुसरीकडे ओळीने तंबू. शांत पाणी, समोर डोंगर आणि शेजारी आपलं माणूस एवढंच हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. एक अख्खा दिवस प्रवासाला गेला तरी चालेल, पण अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला जा. तिथेही धरणाच्या भिंतीजवळ शेंडीत मुक्काम करू नका. तलावाला वळसा घालून पार मागच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीकडे राहा.

माझं धनकवडीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि हे पीएमपीला, म्हणजे पुण्याच्या शहर बसवर, ड्रायव्हर आहेत. आमच्या सुट्ट्या जुळणं कठीण. यांना सणावाराला ड्युटी, मला सणाच्या आधी रात्री जागून शिलाई. दिवाळीचं काम संपतं आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाउज यायला लागतात, त्या मधल्या फटीत मला थोडी उसंत असते. यंदा तेव्हाच यांनी रजा टाकली. मुलगा नोकरीला बंगळूरला गेलेला, सासूबाई नणंदेकडे. तेव्हा बरोबर फक्त आम्ही दोघं. असं आमच्या संसारात फार कमी वेळा झालंय, त्यामुळे ठिकाण निवडताना मी खूप चौकशी केली होती.

गाडी भाड्याने घ्यावी असं मुलगा म्हणत होता, पण सुट्टीत स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून एसटी. वाकडेवाडीहून सकाळची अकोल्याची गाडी धरली. माझं अर्धं तिकीट, यांचं पूर्ण. बायकांना एसटीत निम्मं भाडं झाल्यापासून मी कुठेही जायला कचरत नाही. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, पुढे बोटा आणि चंदनापुरीचा घाट, मग संगमनेर आणि तिथून अकोले. चाकणपर्यंतची गर्दी अंगावर येते, हे खरं. पण आळेफाटा सोडलं की डोळ्यांना बरं वाटायला लागतं. यांना खिडकीची जागा दिली होती. चंदनापुरीच्या घाटात मात्र हे खिडकीबाहेर बघायचं सोडून पुढे ड्रायव्हर गिअर कसे टाकतोय तेच बघत होते, आणि घाट उतरल्यावर समाधानाने म्हणाले, "चांगला हात आहे याचा."

अकोल्याला गाडी बदलून राजूर, राजूरहून जीपने शेंडी. ज्यांच्याकडे राहणार होतो त्यांचा मुलगा शेंडीला त्याची जीप घेऊन आला होता. हे आधी फोनवर ठरवून घ्या, कारण शेंडी ते रतनवाडी वीसेक किलोमीटर आहे आणि दुपारनंतर साधन मिळेलच असं नाही. रस्ता मुतखेल, कोलटेंभेवरून जातो. काही ठिकाणी खड्डे आहेत, पण उजव्या हाताला सतत पाणी दिसत असतं, त्यामुळे कुरकुर करावीशी वाटत नाही.

शेंडीबद्दल थोडक्यात सांगते. धरणाची भिंत बघण्यासारखी आहे, तासभर द्या. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं, सगळं दगडी बांधकाम, उंची ऐंशी मीटरच्या वर. भिंतीखाली बाग आहे आणि पाणी सोडलेलं असेल तर गोल खडकावरून छत्रीसारखा पसरणारा धबधबा दिसतो. आम्ही गेलो तेव्हा सोडलेलं नव्हतं. रंधा धबधबाही राजूरकडून येताना वाटेतच आहे, पण त्याचं खरं रूप पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सुटलं की. शेंडीत हॉटेलं आहेत, खोल्या आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, शनिवारी गाड्यांची रांगही आहे. कुटुंबकबिला घेऊन जाणाऱ्याला तेच सोयीचं. दोघांनाच जायचं असेल तर तिथे थांबू नका.

आता राहण्याबद्दल. घर एका महादेव कोळी कुटुंबाचं आहे. घराला लागून त्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. त्यांना गर्दी झेपणारी नाही आणि नकोही आहे, म्हणून नाव-नंबर इथे देत नाही; रतनवाडीत देवळापाशी विचारलं तर अशी दोन-चार घरं कुणीही दाखवेल. खोली साधी: फरशी, वर पत्रा, दोन खाटा जोडून केलेला पलंग, एक खिडकी. त्या खिडकीतून भाताची खाचरं दिसतात आणि खाचरांच्या पलीकडे लगेच पाणी. संडास-बाथरूम बाहेर, दहा पावलांवर, पण स्वच्छ. बायकांसाठी मी हे मुद्दाम बघते. कडी नीट लागते, आत दिवा आहे, बादली-मग धुतलेले. गरम पाणी चुलीवरच्या हंड्यातून मिळतं, सांगाल तेव्हा. गिझर, टीव्ही, एसी यातलं काही नाही, आणि फोनला रेंजही नीट येत नाही. खोलीपासून थोडं वर चढलं की एका आंब्याखाली रेंज मिळते. मुलाला रोज तिथून फोन करत होतो.

जेवणाला माझे पैकीच्या पैकी. पहिल्या रात्री नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, खुरासणीची चटणी आणि शेवटी भात. भात त्याच आठवड्यात कांडून आणलेला, नव्या तांदळाचा. शिजताना ओसरीपर्यंत वास येत होता. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथला भात खाल्ल्यावर त्या कामाची किंमत जिभेला कळली. दुसऱ्या दिवशी तलावातला मासा तळून दिला. तेल बेताचं, वर तांदळाचं पीठ, मसाला घरचा. यांनी दोनदा मागून घेतला. हे घरी कधी मागून घेत नाहीत, ताटात पडेल ते खाऊन उठतात, कारण ड्युटीची वेळ डोक्यात असते. सकाळी गुळाचा कोरा चहा मिळतो. दुधाचा हवा असेल तर आदल्या रात्री सांगा, दूध गावातूनच बघावं लागतं.

खरी मजा सकाळची. कार्तिकात तिथे चांगलीच थंडी पडते. उजाडायच्या आधी उठून आम्ही खाचरांच्या बांधावरून पाण्यापर्यंत गेलो. भात कापून झालेलं, शेतात जागोजागी उडव्या रचलेल्या, पायाखाली ओल्या पेंढ्याचा वास. पाण्यावर धुकं एवढं की समोरचा काठ दिसत नव्हता. मग हळूहळू आधी रतनगडाचा माथा उजळला, त्याच्या शेजारचा खुट्टा नावाचा सुळका, आणि सगळ्यात शेवटी पाणी. तासभर तरी आम्ही एका खडकावर बसून होतो. कुणी आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हशी घेऊन गेले, "राम राम" म्हणाले, बस.

त्या खडकावर यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहिते, कारण एवढ्या लांब का जायचं याचं माझ्याकडे हेच उत्तर आहे. माझं दुकान मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत आहे, पण बालाजीनगरच्या थांब्यावरून गल्लीच्या तोंडाशी त्याचं शटर दिसतं. कात्रजच्या मार्गावर ड्युटी असली की थांब्यावर बस उभी असताना हे मान वळवून शटर उघडं आहे का ते बघतात. उघडं दिसलं की ही पोचली, म्हणून पुढे निघायचं. वर्षानुवर्षं बघतायत. मला कधी बोलले नव्हते. घरी बोलायला काही अडचण होती असं नाही, पण घरी कुकर असतो, टीव्ही असतो, उद्याचा डबा असतो, गिऱ्हाईकाचा फोन असतो. तिथे यातलं काहीच नव्हतं आणि समोर धुकं होतं म्हणून बघायलाही काही नव्हतं. मग माणूस मनातलं बोलतो. मी काय उत्तर दिलं ते आमच्यापाशी राहू द्या.

रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ चुकवू नका. शिलाहारांच्या काळातलं मानतात, काळ्या दगडाचं, शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी. प्रवरा रतनगडावरून उतरते ती या देवळाशेजारून तलावाकडे जाते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. आम्ही दुपारी गेलो, उन्हं तिरपी झाल्यावर. माझं लक्ष शिवणकामवालीचं, त्यामुळे देवापेक्षा आधी खांबांवर गेलं. कोरलेल्या बायकांच्या कमरेवरचे पट्टे, गळ्यातले पदरी हार, आणि नेसूचं वस्त्र मांडीवर जिथे ताणलं जातं तिथल्या बारीक चुण्या. एका मूर्तीच्या चुण्या मी बोट न लावता जवळून निरखल्या. गुडघ्याकडे जाताना त्या एकमेकींपासून लांब होतात, अगदी कापड खरोखर होतं तसं. ज्याने ते कोरलं त्याने कापड हातात धरून बघितलं असणार. देवळाच्या पुढे पुष्करणी आहे, भिंतींत देवळ्या आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. पायऱ्या निसरड्या आहेत, चपला काढून पण जपून उतरा.

त्याच दिवशी घाटघरला जाऊन आलो. यजमानांच्या मुलानेच नेलं, जीपचे पैसे वेगळे. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आता अहिल्यानगर जिल्हा. कोकणकड्यावर उभं राहिलं की जमीन संपते आणि खाली ठाणे जिल्ह्याची झाडी सुरू होते. हे कड्यापेक्षा तिथल्या वीज प्रकल्पात रमले. खालच्या धरणातलं पाणी रात्री पंपाने वर चढवायचं आणि दिवसा विजेची गरज वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची. मुलगा सांगत होता आणि हे प्रश्नावर प्रश्न विचारत होते. मला वाऱ्यात उभं राहवेना, मी जीपमध्ये जाऊन बसले. जोडप्यांना खरं तर इथे संध्याकाळ करावीशी वाटेल, पण अंधारात तो रस्ता धुक्याचा आहे, उजेडात परत फिरा.

आता तक्रारी, कारण त्या सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही.

पहिली आणि मोठी तक्रार आवाजाची. शनिवारी रात्री पलीकडच्या काठावर एका तंबूवाल्यांच्या जागेत मोठे स्पीकर लावले होते. पाण्यावरून आवाज थेट येतो, मधे अडवायला काही नाही. आमच्या बाजूला बोलणं ऐकू येईना असं नव्हतं, पण शब्द न् शब्द कळत होता. साडेअकरापर्यंत चाललं. घरातल्या आजी म्हणाल्या, "पोरींनो, आमची गुरंसुद्धा झोपत नाहीत अशा वेळी." ओसरीवर मी आणि त्यांची सून दोघीच होतो, आम्हाला दोघींना त्या पोरीच म्हणत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीतला आहे. तिथे असले स्पीकर लागता कामा नयेत, हे मला अगदी मनापासून वाटतं. शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार टाळून रविवारी दुपारी पोचा आणि सोमवार-मंगळवार राहा. आमची सोमवारची रात्र अशी होती की लांब कुठे बेडूक ओरडला तरी ऐकू येत होता.

दुसरी तक्रार बोटीची. धरणाकडून रतनवाडीच्या बाजूला बोट येते आणि पाण्यातून डोंगर बघायचा तर ती फेरी खरंच सुंदर असणार. पण ज्या बोटवाल्याशी बोललो त्याच्याकडे लाइफ जॅकेट मोजकी आणि फाटकी होती, आणि दर माणसाच्या तोंडाकडे बघून बदलत होता. हे म्हणाले, "ब्रेक बघितल्याशिवाय मी गाडी काढत नाही, ही पण नको." आम्ही गेलो नाही. तलाव खोल आहे, काठचा गाळ फसवा आहे. पोहायला उतरू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगितली पाहिजे. एवढं पाणी दाराशी, आणि उन्हाळ्यात आपल्याला पाण्यासाठी लांब जावं लागतं, असं सूनबाई म्हणाली. धरणाचं पाणी आवर्तनाने खाली जातं, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या शेतीला, उसाला. तलाव एप्रिल-मेमध्ये खूप खाली जातो आणि विहिरी आटतात. म्हणून आंघोळ एका हंड्यात भागवा. हॉटेलसारखं पाणी सोडून ठेवायची ही जागा नाही.

कधी जावं असं विचाराल तर मी दिवाळीनंतरचे दोन महिने सांगेन. तलाव काठोकाठ, हवा कोरडी, शेतात माणसांची ये-जा आणि खळ्यावर झोडणी. पावसाळ्यातलं तिथलं रूप सगळे वाखाणतात, पण तेव्हा ढग खाली उतरले की चार-चार दिवस डोंगर दिसत नाही आणि शनिवार-रविवारी रस्ते तुंबतात. मेअखेरीला पहिल्या पावसाच्या तोंडावर काजवे असतात. ते बघावेत असं मलाही वाटतं. पण गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचे टॉर्च घेऊन एवढी माणसं झाडांखाली जमतात, की काजव्यांना काय होत असेल या विचारानेच मला जावंसं वाटत नाही. गेलातच तर गावातल्या वाटाड्याबरोबर जा, दिवे बंद ठेवा आणि झाडाखाली पाऊल टाकू नका. काजव्याच्या माद्या जमिनीलगत असतात.

खर्चाचं सांगायचं तर राहणं आणि दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरून माणशी दीड हजाराच्या आत बसलं. मासा आणि जीप वेगळी. रोख पैसे न्या. रेंज नसल्याने फोनवरून पैसे जात नाहीत, आणि एटीएम राजूर-अकोल्याकडेच. औषधं बरोबर ठेवा. येताना राजूरचे पेढे घ्या, मऊ आणि खवा जास्त भाजलेले.

शेवटी गोधडी. थंडीला खोलीत आम्हाला दोन गोधड्या दिल्या होत्या, आजींनी शिवलेल्या. रात्री अंगावर घेतली तेव्हाच वजनावरून कळलं की आत जुन्या लुगड्यांचे बरेच थर आहेत. सकाळी उजेडात उलटून बघितली. हाताचा धावदोरा, कडेपासून सुरू होऊन चौकोनात आत आत जाणारा. टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकसारखे. कोपऱ्यावर दोरा वळतो तिथे प्रत्येक वेळी एक टाका तिरपा टाकलेला, म्हणजे कापड गोळा होत नाही. मी मशीनवर आयुष्य काढलंय, मला हे हाताने जमायचं नाही. दुपारी ओसरीवर आजी पुढची गोधडी घेऊन बसल्या तशी मीही शेजारी बसले. आजींना सुईत दोरा ओवता येईना, माझा चष्मा खोलीत राहिलेला. यांनी सुई घेतली, हात लांब करून आभाळासमोर धरली आणि एका झटक्यात ओवून दिली. मग दुपारभर तेच काम यांच्याकडे आलं. आजी म्हणाल्या, "दादा, इथंच राहा." हे हसले आणि पुढची सुई मागितली.

आजी मागणीप्रमाणे गोधडी शिवून देतात. आपल्या घरच्या जुन्या सुती साड्या न्यायच्या, सिंथेटिक त्या घेत नाहीत. दोन-तीन महिने लागतात, कारण शेतीची कामं आधी. त्या जी रक्कम सांगतात ती ऐकून मी मनात मजुरीचा हिशेब केला, आणि टाक्यांच्या मानाने ती कमीच निघाली. तेव्हा कुणीही घासाघीस करू नका. माझ्या आईच्या दोन इरकली साड्या मी कुरिअरने अकोल्याला त्यांच्या भाच्याकडे पाठवल्यात, माघात तयार होईल असा निरोप आलाय.